नळ अजून चालू आहे का? वुहानचा वाद आणि नाशिकचे सिंहस्थ नियोजन : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

३१ डिसेंबर २०१९ रोजी वुहानच्या महापालिका आरोग्य आयोगाने कारण न कळलेल्या न्यूमोनियाचे २७ रुग्ण जाहीर केले. त्यांतल्या बऱ्याच जणांचा संबंध हुआनान या घाऊक मासळी बाजाराशी होता. मासळीबरोबर तिथे जिवंत रानटी प्राणीही विकले जात. १ जानेवारी २०२० ला बाजार बंद झाला आणि धुलाई-फवारणी सुरू झाली. कोविडचा हा विषाणू त्या प्राण्यांतून माणसात आला की शहरातल्या एखाद्या प्रयोगशाळेतल्या अपघातातून सुटला, हा वाद त्यानंतर पाच वर्षांतही मिटला नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि चीन यांच्या संयुक्त पथकाने मार्च २०२१ मध्ये प्रयोगशाळेची शक्यता ‘अत्यंत कमी’ ठरवली. मात्र अहवाल आला त्याच दिवशी संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सर्व शक्यता खुल्या असल्याचे सांगितले. पुढे संघटनेनेच नेमलेल्या तज्ज्ञगटाचा अहवाल २७ जून २०२५ ला आला. हाती असलेल्या पुराव्याचे पारडे प्राण्यांकडून झालेल्या संसर्गाकडे झुकते, पण चीनने मागितलेली माहिती न दिल्याने प्रयोगशाळेची शक्यता बाद करता येत नाही, असा त्याचा सूर आहे. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांतही फूट आहे. एफबीआयचा कल मध्यम खात्रीने प्रयोगशाळेकडे, ऊर्जा खाते आणि सीआयएचा कमी खात्रीने तिकडेच, तर इतर काही संस्थांचा कमी खात्रीने नैसर्गिक उगमाकडे.

या अभ्यासाचा हेतू या वादात निकाल देणे हा नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे. २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११-१२ सप्टेंबर २०२७ ही मुख्य स्नाने. त्या वेळी देशभरातून माणसे येणार, त्यांच्यासाठी अन्न येणार, आखाड्यांबरोबर हत्ती, घोडे, उंट येणार. अशा गावाला वुहानकडून शिकायचे आहे ते वेगळेच: तिथला वाद मिटला का नाही, कोणता पुरावा कोणत्या दिवशी हातातून गेला, आणि तो आपल्याकडे जाऊ नये म्हणून आधी काय करून ठेवावे लागेल.

रुग्णाला फरक पडत नाही, मग कोणाला पडतो

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरला उगम कळल्याने फारसे काही मिळत नाही. ऑक्सिजन तोच, औषधे तीच, लसही जनुकक्रमावरून बनते. म्हणून ‘आधी साथ आवरा, उगमाचे नंतर बघू’ हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. तो अर्धाच बरोबर आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर पहिल्या दिवशी येणारा प्रश्न असा असतो: नळ अजून चालू आहे का? माणसांचे विलगीकरण करून साथ थांबते, पण त्यासाठी मूळ स्रोतातून नवा संसर्ग येणे बंद झालेले असावे लागते. संसर्ग झालेले प्राणी दुसऱ्या बाजारात रोज येतच असतील, किंवा प्रयोगशाळेत त्याच गळक्या यंत्रावर काम चालूच असेल, तर आपण भरलेली बादली उपसत बसतो आणि वरून पाणी येतच राहते.

आणि दोन्ही नळ खरे आहेत. हे समजायला पहिल्या सार्सची, म्हणजे कोविडच्याच कुळातल्या आधीच्या विषाणूच्या साथीची, दोन वर्षे पुरेशी आहेत. २००३ च्या जुलैमध्ये माणसांतली साथ आटोपली. त्यानंतर डिसेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात ग्वांगडोंग प्रांतात चार नवे रुग्ण सापडले. तिथे खाण्यासाठी सिव्हेट, म्हणजे आपल्या उदमांजराच्या कुळातले प्राणी, विकले जात होते. हे प्राणी मोठ्या संख्येने मारण्यात आले आणि पुढे फैलाव झाला नाही. त्याच सुमारास तोच विषाणू तीन ठिकाणी प्रयोगशाळेतून बाहेर पडला: सप्टेंबर २००३ मध्ये सिंगापूर, डिसेंबरमध्ये तैवान आणि २००४ च्या वसंतात बीजिंग. बीजिंगच्या घटनेत नऊ जणांना लागण झाली आणि एक मृत्यू झाला. ज्या विषाणूवर काम चालले होते तो निष्क्रिय केला आहे असे धरून चालले होते, पण तो खरोखर निष्क्रिय झाला का, याची नीट खातरजमा झालेली नव्हती.

एकच विषाणू, एकच वर्ष, दोन्ही वाटा. ‘बाजार की प्रयोगशाळा’ या प्रश्नाचे उत्तर वुहानपुरते एकच असेल. धोरणाला मात्र ते उत्तर मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. न्यायालयाला दोषी ठरवायचा असतो, म्हणून तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो. धोरणाला पुढचा धोका कमी करायचा असतो. प्राण्यांची शक्यता कोणी ७० टक्के धरली आणि प्रयोगशाळेची ३०, तर प्रयोगशाळेच्या सुरक्षेवरचा खर्च शून्य होत नाही. द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही. गारपीट यंदा होईलच असे नसते, तरी तो विमा उतरवतो आणि भुरीची फवारणीही चुकवत नाही.

पुरावा कसा गेला

हा भाग तपशिलात पाहायला हवा, कारण यातली जवळपास प्रत्येक चूक भल्या हेतूने केलेली, नियमात बसणारी आणि नाशिकमध्येही सहज होऊ शकेल अशी आहे.

पहिली चूक क्रमाची. बाजार बंद करणे आणि निर्जंतुक करणे योग्यच होते. पण चिनी रोगनियंत्रण केंद्राचे नमुने घेणारे पथक आणि फवारणी जवळजवळ एकाच वेळी बाजारात शिरली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार बाजारातून एकूण १,३८० नमुने घेतले गेले: ९२३ परिसरातले, ४५७ प्राण्यांचे. परिसरातले ७४ नमुने पॉझिटिव्ह आले, प्राण्यांचा एकही नाही. ‘४५७ प्राणी-नमुने निगेटिव्ह’ हे वाक्य ऐकायला भक्कम वाटते. पण ते १८ जातींत विभागले होते. त्यांत ससे होते, साप होते, भटकी मांजरे होती, शीतपेटीत उरलेला माल होता. ज्यांच्यावर सर्वाधिक संशय, ते रॅकून डॉग (कोल्ह्याच्या कुळातला एक रानटी प्राणी) त्यांत नव्हतेच. ते बाजारात नव्हते म्हणावे, तर नंतर पॉझिटिव्ह गाळ्यांतल्या नमुन्यांमध्येच त्यांचे जनुकीय अंश सापडले. पथक पोहोचेपर्यंत प्राणी गेले होते. गाळ्यात विषाणू आणि प्राणी दोघांच्या खुणा एकत्र मिळणे म्हणजे त्या प्राण्याला लागण होती असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करणारा स्वॅब त्या प्राण्याच्या नाकातूनच घ्यावा लागतो, आणि ती संधी एकदाच मिळते.

दुसरी चूक व्याख्येची. जानेवारीच्या सुरुवातीला रुग्ण कोणाला म्हणायचे, हे ठरवताना बाजाराशी संबंध ही एक अट होती. संशय बाजारावर, म्हणून शोध बाजारातल्या माणसांत, म्हणून रुग्ण बाजारातले, म्हणून संशय आणखी पक्का, असे हे वर्तुळ आहे. संयुक्त पथकाने नंतर डिसेंबर २०१९ चे १७४ रुग्ण तपासले. ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचाच हुआनानशी संबंध होता. बाजाराशी संबंध नसलेल्यांची घरेही बाजाराच्याच आसपास एकवटली होती, असे २०२२ च्या एका विश्लेषणाने दाखवले. हा बाजाराच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा आहे. पण सुरुवातीच्या शोधातच कल असेल तर नकाशाही कलतो, हा आक्षेप आजवर पूर्ण पुसता आलेला नाही.

तिसरी चूक एका तारखेची. सर्वांत आधीचा रुग्ण म्हणून ज्याची नोंद होती, त्याला ८ डिसेंबरला लक्षणे सुरू झाली असे लिहिले होते. त्याचा बाजाराशी संबंध नव्हता, त्यामुळे बाजाराच्या बाजूचा युक्तिवाद लंगडा पडत होता. २०२१ च्या अखेरीस लक्षात आले की ८ तारखेची तक्रार दाताची होती. ताप १६ डिसेंबरला आला. आठ दिवसांची ही चूक दोन वर्षे राहिली आणि जगभरच्या चर्चेला चुकीच्या वाटेवर नेत राहिली. केसपेपरवर ‘लक्षणे सुरू झाल्याची तारीख’ आणि ‘दवाखान्यात आल्याची तारीख’ हे दोन वेगळे रकाने का हवेत, हे विचारणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणार्थीला हे उदाहरण सांगावे.

चौथी चूक नमुने नष्ट करण्याची. ३ जानेवारी २०२० च्या आदेशाने मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांना त्यांच्याकडचे नमुने नेमून दिलेल्या संस्थेकडे द्या किंवा नष्ट करा, असे सांगण्यात आले. जैवसुरक्षेच्या नजरेने हे समजण्यासारखे आहे. धोकादायक विषाणू साध्या प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये राहू नये. पण बाहेरून पाहणाऱ्याला त्यातून लपवाछपवीच दिसली, आणि दिसणारच होती. त्यात भर पडली ती वुहान विषाणूशास्त्र संस्थेची विषाणूंची माहितीसूची सप्टेंबर २०१९ पासून बंद असण्याची आणि वुहानच्या संशोधकांच्या विनंतीवरून २०२० मध्ये अमेरिकी संग्रहातून काढल्या गेलेल्या जनुकक्रमांची. यांतल्या प्रत्येक गोष्टीला निरुपद्रवी कारण असू शकते. पण कागद आणि नमुना नसेल तर निरुपद्रवी कारणही सिद्ध करता येत नाही. निर्दोष असलेल्या प्रयोगशाळेचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते.

याउलट उदाहरण १९७९ चे. सोव्हिएत रशियात स्वेर्दलोव्स्क येथे एप्रिलमध्ये अँथ्रॅक्सने किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांस हे सरकारी कारण होते. रुग्णालयातले कागद गुप्तहेर खात्याने नेले. पण तिथल्या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ऊतींचे नमुने आणि टिपणे जपून ठेवली. १९९२ मध्ये बाहेरचे शास्त्रज्ञ पोहोचले, मृतांची घरे आणि कामाची ठिकाणे नकाशावर मांडली, २ एप्रिल १९७९ च्या वाऱ्याच्या दिशेशी जुळवली. लष्करी केंद्रापासून सुरू होणारी अरुंद पट्टी निघाली आणि त्याच रेषेत पुढे ५० किलोमीटरपर्यंत गुरे मेलेली निघाली. पंधरा वर्षांनी प्रश्न सुटला तो जपलेल्या नमुन्यांमुळे आणि तारीखवार नोंदींमुळे.

चुकीच्या उगमाची किंमत

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला तेव्हाही उगमावरून वाद पेटला होता. हाँगकाँगहून जहाजातून आला म्हणावे तर बंदरावर नाकेबंदी करायची, गढवाल-कुमाऊंकडच्या साधू-यात्रेकरूंनी आणला म्हणावे तर यात्रा अडवायची, मांडवीच्या घाणीतून उपजला म्हणावे तर गटारे धुवायची. सरकारने या तिन्हींवर जोर लावला: गटारांत कार्बोलिक ओतले, घरांना चुना फासला, हजच्या वाऱ्या थांबवल्या, ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आणला. उंदीर आणि पिसू यांचा दुवा पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवला आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी आठ-दहा वर्षे गेली. तोवर घरझडत्या झाल्या, त्यातून पुण्यात जे घडले ते मराठी माणसाला माहीत आहे. उंदीर मात्र गोदामांत होता तिथेच राहिला.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेग आला तेव्हाही नमुन्यांअभावी बराच काळ ‘हा प्लेगच का’ यावरच वाद चालला. सुरतेतून लाखो माणसे पळाली, विमाने आणि निर्यात अडली.

नाशिकच्या द्राक्ष आणि वाइन उत्पादकांनी मात्र २०२० चे एक उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. ऑस्ट्रेलियाने त्या वर्षी एप्रिलमध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मेमध्ये चीनने ऑस्ट्रेलियाच्या बार्लीवर ८०.५ टक्के कर लावला, नोव्हेंबरमध्ये तिच्या वाइनवर १०७ ते २१२ टक्क्यांपर्यंत. कारण डंपिंगचे, म्हणजे माल पडेल भावाने ओतल्याचे, दिले गेले. वेळ पाहता ऑस्ट्रेलियात कोणाला ते पटले नाही. बार्लीवरचा कर ऑगस्ट २०२३ मध्ये आणि वाइनवरचा मार्च २०२४ मध्ये उठला. मधल्या काळात तिथल्या बागायतदारांचा सर्वांत मोठा बाजार गेला होता, आणि त्यांचा विषाणूशी काडीचाही संबंध नव्हता. गोठवलेल्या मालावरून विषाणू आला असावा ही तिसरी शक्यताही चीनने लावून धरली, आणि त्यामुळे अनेक देशांच्या गोठवलेल्या मासळीची खेप बंदरावर अडकली. उगमाचा प्रश्न मोकळा राहिला की ती पोकळी शास्त्राने भरली जात नाही; ज्याच्या हातात कर, व्हिसा आणि बंदर आहे तो ती भरतो.

समजा, ऑगस्ट २०२७

ही मांडणी सरावासाठी आहे. दोन स्नानांच्या मधल्या आठवड्यात शहरात तीव्र न्यूमोनियाचे सहा रुग्ण येतात. नेहमीच्या चाचण्या निगेटिव्ह. दोघे चिकनच्या दुकानांत कटिंग करणारे, एक पक्ष्यांची गाडी चालवणारा, एक निदान प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, दोन भाविक. गर्दी वाढते आहे, वरून विचारणा सुरू आहे, आणि सर्वांत सोपा आदेश डोळ्यांपुढे आहे: मार्केट बंद करा, फवारणी करा.

बंद करायला हरकत नाही. फवारणी चार तास थांबवायची. एक टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक (पाच टक्क्यांचे एक लिटर द्रावण, त्यात चार लिटर पाणी) विषाणू मारते तसे त्याचे जनुकीय अंशही तोडते. त्यानंतर घेतलेला स्वॅब कोरा येतो आणि तो कोरा निकाल ‘इथे काहीच नव्हते’ म्हणून वाचला जातो. आधी प्रत्येक गाळ्याचा फोटो आणि हाताने काढलेला नकाशा, गाळ्याला क्रमांक. मग प्रत्येक गाळ्यात निदान आठ जागा: पिंजऱ्याची जाळी, क्रेटचा तळ, पिसे काढायच्या मशीनचा ड्रम, ओंडका, सुरीची मूठ, गल्ल्याची कड, गाळ्यातली नाली, बाहेरच्या मोठ्या गटाराचे तोंड. तीस गाळे धरले तर २४० स्वॅब. दोन माणसांच्या पथकाला एका गाळ्याला दहा मिनिटे लागतात. एकच पथक असेल तर पाच तास, तीन असतील तर पावणेदोन तासांत काम उरकते. म्हणून तीन पथके, तिघांकडे आधीच भरलेल्या पिशव्या. स्वॅबच्या नळ्यांवर क्रमांक लिहायला बसायचे ते त्या रात्री नव्हे, महिनाभर आधी.

जिवंत पक्ष्यांबाबत ‘थोडे घ्या’ असे सांगणे निरुपयोगी. गाडीतल्या दहा टक्के पक्ष्यांना लागण असेल तर ती ९५ टक्के खात्रीने सापडायला २९ पक्षी तपासावे लागतात. पाच टक्क्यांना असेल तर ५९. पाच-सहा पक्षी तपासून ‘निगेटिव्ह’ म्हणणे म्हणजे न तपासणेच. प्रत्येक पक्ष्याचा एक घशाचा आणि एक विष्ठामार्गाचा स्वॅब, वेगळ्या नळ्यांत. मार्केटमधली कुत्री, मांजरे आणि उंदीर विसरायचे नाहीत. उरलेले पक्षी नमुने घेतल्याशिवाय बाहेर सोडायचे नाहीत, आणि इथे सर्वांत जास्त गळती होते. सरकारी भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांना मिळते, आधी मेलेल्यांना नाही. त्यामुळे मरतूक सुरू झाल्याची कुणकुण लागली की शेतकरी आणि व्यापारी उरलेला माल मिळेल त्या भावाने काढून टाकतात. यात त्यांचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. नमुन्यासाठी अडवलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी देण्याची तरतूद जिल्ह्याच्या आपत्ती निधीत आधी करून ठेवली नाही, तर पथक पोहोचेल तेव्हा पिंजरे रिकामे असतील. हुआनानचे तसेच झाले.

त्याच दिवशी, उद्या नव्हे, तंत्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दुसरे पथक जायला हवे. त्याच्यावर संशय म्हणून नाही. त्याने आजारी रुग्णाचा नमुना हाताळून लागण घेतली असण्याचीच शक्यता जास्त. पण ते दाखवायला कागद लागतो: गेल्या ३० दिवसांत कोणते नमुने आले, फ्रीजरमध्ये काय आहे, सुरक्षा कॅबिनेटची हवा शेवटची कधी तपासली, ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) जीवाणू-पट्टीची चाचणी कधी झाली, सांडलवंड किंवा सुई टोचल्याची नोंद आहे का. वहीची छायाप्रत घ्यायची, मूळ वही पाकिटात सील करायची, फ्रीजरला दोघांच्या सहीचे सील. नष्ट काहीच करायचे नाही. ‘इथे ठेवणे धोक्याचे’ असेल तर हलवायचे. देशातली पहिली बीएसएल-३ दर्जाची, म्हणजे धोकादायक विषाणू हाताळू शकणारी, फिरती प्रयोगशाळा फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकमध्येच लोकार्पित झाली आणि पुढे केरळात निपाहच्या वेळी कामाला आली. सिंहस्थाच्या तीन महिन्यांसाठी ती किंवा तशीच गाडी इथे मागून घेणे हा मागणीपत्राचा विषय आहे, बांधकामाचा नाही.

रुग्णांची यादी करताना व्याख्येत मार्केटचा उल्लेख नको. लक्षणे आणि तपासणी यांवर व्याख्या ठरवायची. मार्केट, प्रयोगशाळा, प्रवास, मुक्कामाचा तंबू हे सगळे वेगळे रकाने. शहरातल्या सर्व मोठ्या रुग्णालयांतून मागच्या सहा आठवड्यांचे न्यूमोनियाचे केसपेपर काढायचे, मार्केटपासून दूर असलेल्या भागांतलेही तितक्याच कसोशीने. प्रत्येक रुग्णाचे रक्त दोनदा: दाखल होताना आणि किमान १४ दिवसांनी. पहिला नमुना औषध सुरू होण्याआधी मिळाला तर उत्तम. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग. एक पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, दुसरा जिल्ह्यात उणे ७० अंशांखाली. पुणे रस्त्याने २१० किलोमीटर आहे. दोन ते आठ अंशांत नमुना ७२ तास टिकतो, म्हणजे अंतर ही अडचण नाही. अडचण दुसऱ्या भागाची आहे, कारण तो ठेवायचा कुठे हे बहुतेक वेळा ठरलेलेच नसते. पक्ष्यांचे नमुने औंधच्या पशुसंवर्धन प्रयोगशाळेमार्गे भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत जातील. दोन खात्यांचे दोन प्रवास, दोन क्रमांकमाला. एकच समान क्रमांक दोन्ही खात्यांनी वापरला नाही, तर महिन्याभराने गाळा क्रमांक सतराचा पक्षी आणि गाळा क्रमांक सतराचा कामगार कधीच एकमेकांना भेटणार नाहीत.

आधी करून ठेवायची कामे

यांतली बरीच कामे साथ आल्यावर करता येतच नाहीत, कारण त्यांना ‘आधीची’ स्थिती लागते. वुहानच्या रक्तकेंद्रात सप्टेंबर ते डिसेंबर २०१९ मधले दात्यांचे नमुने कायदेशीर कारणासाठी दोन वर्षे जपलेले होते. त्यांतले सुमारे ४४ हजार तपासता आले, आणि त्यांत प्रतिपिंडे सापडली नाहीत. साथ खूप आधीपासून पसरलेली नव्हती, याला त्यातून पुष्टी मिळाली. आपल्याकडच्या नियमात दात्याचा नमुना रक्ताची पिशवी रुग्णासाठी दिल्यानंतर सात दिवस ठेवायचा आहे. जिल्ह्यातल्या चार-पाच मोठ्या रक्तकेंद्रांनी दर आठवड्याला प्रत्येकी निनावी ५० सीरम नमुने दोन वर्षे ठेवायचे ठरवले, तर वर्षाला दहा-तेरा हजार छोट्या नळ्या होतात. जनित्राची जोड असलेला एक मोठा फ्रीजर पुरतो. नैतिक समितीची परवानगी मात्र आत्ताच घ्यावी लागेल. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेल्या शहरात त्यासाठी दूर जायला नको.

सांडपाण्याचे तसेच. मिलान आणि तुरिन इथे डिसेंबर २०१९ चे सांडपाणी दुसऱ्याच कारणासाठी गोठवून ठेवलेले होते, म्हणून इटलीला नंतर कळले की विषाणू १८ डिसेंबरलाच तिथे होता. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक या मलनिस्सारण केंद्रांवर आठवड्यातून एकदा सकाळच्या गर्दीच्या वेळी एक लिटर पाणी घ्यायचे, त्याचा एक भाग तपासायचा आणि दुसरा न तपासता गोठवायचा. तपोवनाचे महत्त्व वेगळे सांगायला नको, साधुग्राम तिथेच उभे राहते. ही साखळी ध्वजारोहणाच्या किमान तीन महिने आधीपासून अखंड हवी, नाहीतर गर्दीनंतरच्या आकड्याला तुलना उरत नाही.

प्रयोगशाळांच्या बाबतीत नाशिकने कसोटी चीनमधल्या बीजिंग आणि लांझोऊ या दोन घटनांवरून लावावी. लांझोऊमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरांच्या लशीच्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले, धुराड्यातून ब्रुसेला हा जनावरांच्या रोगाचा जीवाणू बाहेर पडला आणि दहा हजारांहून अधिक लोकांना बाधा झाली. जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी, खासगी, पशुवैद्यकीय प्रयोगशाळेकडे तीन कागद मागावेत: फ्रीजरमधल्या जिवंत संवर्धनांची यादी, जंतुनाशकांच्या साठ्याच्या मुदतीच्या तारखा, आणि ‘निष्क्रिय केले’ असे जिथे लिहिले आहे तिथे ते तपासल्याचा पुरावा. रुजू होताना प्रत्येक तंत्रज्ञाचे पाच मिलिलिटर रक्त जपून ठेवावे, त्याच्याच संरक्षणासाठी.

राहिला पक्ष्यांचा माग. इथे नाशिक देशाला शिकवू शकते. २०१० मध्ये लिहोसिन या वाढरोधक औषधाच्या अंशांवरून युरोपने द्राक्षे नाकारली तेव्हा जिल्ह्याने मोठा तोटा सोसला; पण ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या नोंदप्रणालीमुळे रॉटरडॅममधल्या दुकानातली पेटी दिंडोरीच्या कोणत्या प्लॉटमधली, हे शोधता येते. चिकनच्या दुकानातला क्रेट कोणत्या शेडमधून आला हे मात्र दुकानदाराला सहसा सांगता येत नाही. गाडीवर दोन-तीन शेडचा माल एकत्र चढतो, लिफ्टिंग (शेडमधून पक्षी उचलणे) रात्री होते, चलन व्यापाऱ्याच्या खिशात राहते. पहिल्या टप्प्यात ॲपची गरज नाही. क्रेटला शेडनिहाय रंगीत टॅग, चलनाची एक प्रत गाळ्यात ३० दिवस, आणि रात्री उतरलेल्या गाडीची वेळ लिहिलेली एक वही मार्केटच्या चौकीदाराकडे. करार पद्धतीने पोल्ट्री चालवणाऱ्या कंपन्यांकडे शेडनिहाय नोंदी असतातच. तुटतो तो शेडपासून गाळ्यापर्यंतचा शेवटचा दुवा, आणि त्या वहीला महिन्याला दोनशे पाने लागतात.